पहाऱ्यावरची ग्रंथी

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. हातमोजे घातलेला हात. काखेवरून फिरणारा प्रोब.)

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू आहे. हा आवाज ऐका. सर्जनच्या हातातला पेनासारखा प्रोब काखेवरून हळूहळू फिरतोय. एका जागी टकटक एकदम वाढते. जरासा बाजूला सरकवला की मंदावते. जिथे आवाज सर्वांत मोठा, तिथेच छोटी चीर घेतली जाते.

(दृश्य: अगदी जवळून.)

पिवळ्या चरबीत एक निळी रेघ दिसते, दोऱ्याइतकी बारीक. ही लसिकावाहिनी, म्हणजे शरीरातला लसिका (लिम्फ) नावाचा पातळ द्रव वाहून नेणारी बारीक नळी. तिचा माग काढत गेलं की वाटाण्याएवढी, निळी पडलेली एक ग्रंथी हाती लागते.

स्तनातून वाहणारा लसिकेचा द्रव बहुतेक करून काखेकडे जातो आणि तिथल्या ग्रंथींपैकी आधी एकदोन ग्रंथींपाशीच पोचतो. गाठीतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशीही बहुधा याच वाटेने जातात. म्हणून हिचं नाव सेंटिनल नोड, म्हणजे पहारेकरी ग्रंथी. ती शोधण्यासाठी स्तनात आधी टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं टोचतात. सहा तासांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. सोबत निळा रंगही टोचतात. प्रोब टेक्नेशियमचे किरण टिपून टकटक करतो, निळा रंग डोळ्यांना वाट दाखवतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

(दृश्य: दोन हात शेजारी शेजारी. एक सुजलेला.)

या हातासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर काखही साफ करण्याची, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढून टाकण्याची, पद्धत रूढ केली आणि पुढे कित्येक दशकं तोच नियम होता. पण ग्रंथी सरसकट काढल्या की हातातल्या द्रवाची वाट बंद होते. बाही घट्ट होते. अंगठी बोटातून निघत नाही. हात दिवसभर जड राहतो, आणि ही सूज अनेकदा जन्माची सोबत होते. काख साफ केलेल्या साधारण पाचांतल्या एकीला हे भोगावं लागतं; फक्त पहारेकरी ग्रंथी काढली तर विसांतल्या एखादीला. सर्वांत जिव्हारी लागतं ते हे, की यातल्या कितीतरी जणींच्या काखेत कॅन्सर पोचलेलाच नव्हता.

१९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि १९९४ मध्ये आर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही ग्रंथी शोधून दाखवली. मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी ५१६ स्त्रियांवर ही पद्धत तपासली. नंतर ५,६११ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत दिसलं, की पहारेकरी ग्रंथी स्वच्छ, म्हणजे कॅन्सर नसलेली, असेल तर बाकीच्या न काढल्यानेही आयुष्य कमी होत नाही.

पहारेकरी कधी चुकतो का? चुकतो. काखेत कॅन्सर असलेल्या दहांतल्या साधारण एकीत ही ग्रंथी स्वच्छ निघते. तरीही पुढे काखेत आजार उलटणं फार क्वचित घडतं, कारण औषधं आणि रेडिएशनही आपलं काम करत असतात.

आणि ग्रंथीत कॅन्सर सापडला, तर? पूर्वी लगेच काख साफ व्हायची. २०११ च्या एका चाचणीने ते बदललं. फक्त गाठ काढून स्तन राखला असेल, पुढे रेडिएशन होणार असेल आणि एकदोन ग्रंथींतच कॅन्सर असेल, तर बाकीच्या ठेवता येतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांना पहारेकरी ग्रंथीची ही तपासणीसुद्धा टाळता येईल का, यावर २०२३ मध्ये आलेले निकाल आश्वासक आहेत. मात्र निदानाच्या वेळीच काखेतल्या ग्रंथीत कॅन्सर सिद्ध झाला असेल, तर हिशेब वेगळा. ‘माझ्या काखेतलं किती काढणार आणि का?’ हा प्रश्न ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

(दृश्य: वॉर्ड. सकाळ.)

आणखी एक गोष्ट, जी सांगायची अनेकदा राहून जाते. ऑपरेशननंतर लघवी हिरवट-निळी दिसू शकते. दचकू नका. तो टोचलेला रंग आहे, एकदोन दिवसांत निघून जातो. स्तनावरचा निळा डाग मात्र काही महिनेही रेंगाळतो.