बांध जपणारे गाव : लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातले लॅक्स्टन हे गाव रस्त्यावरून पाहिले तर साधेच दिसते. लाल विटांची घरे, एक जुने चर्च आणि डव्हकोट नावाचा एक पब. त्याचे वेगळेपण गावाबाहेरच्या शिवारात आहे. तिथे कुंपणे नाहीत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन विस्तीर्ण मोकळी राने आहेत आणि प्रत्येक रान लांबट पट्ट्यांत वाटलेले आहे. एका शेतकऱ्याचे पट्टे एका जागी नसून तिन्ही रानांत विखुरलेले असतात, त्यामुळे कसदार आणि हलकी, दोन्ही जमीन प्रत्येकाच्या वाट्याला येते. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले पीक आणि तिसरे पड, असा तीन वर्षांचा फेर इथे मध्ययुगापासून चालत आला आहे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडभरची अशी सामाईक राने कुंपणांत बंद झाली आणि कित्येक गरिबांचा चराईचा हक्क गेला. लॅक्स्टनची जमीन मात्र मुख्यत्वे दोन जमीनदारांत विभागलेली होती, आणि त्यांचे एकमत न झाल्याने गाव वाचले. गावाचे तेव्हाचे जमीनदार सर विल्यम कूर्टन यांच्यासाठी १६३५ साली मार्क पिअर्स याने काढलेला गावाचा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यातली तीन राने आजही ओळखू येतात, पट्टे मात्र पुष्कळ कमी आणि रुंद झाले आहेत. १९५२ मध्ये सरकारने ही जमीन विकत घेतली, ती याच पद्धतीच्या रक्षणासाठी.

पण पद्धत खऱ्या अर्थाने टिकली ती गावकऱ्यांमुळे, असे आम्हांला वाटते. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावाचे पंच नुकताच गहू पेरलेल्या रानात उतरतात. कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसला, कोणी गवताची वाट कोरली, हे ते चिखल तुडवत पाहतात आणि जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे ओल्या मातीत नवा खुंट ठोकतात. बांध कोरणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाते. पुढच्या आठवड्यात डव्हकोट पबमध्ये 'कोर्ट लीट' हे गावाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे न्यायालय भरते, दंड ठरतो, आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात.