परतवाड्याच्या डोक्यावरचा गाविलगड

अमरावती जिल्ह्यातलं परतवाडा सोडलं की कपाशीचं सपाट रान मागं पडतं आणि घाटात सागवान सुरू होतो. पर्यटकांच्या गाड्या सरळ चिखलदऱ्याला. पॉइंट पाहायचे, भुट्टा खायचा, भीमकुंडावर कीचकवधाची गोष्ट ऐकायची, दिवस मावळायच्या आत उतरायचं. गाविलगड तिथून हाकेच्या अंतरावर, तरी बरेच जण तो न पाहताच परततात.

किल्ला बहमनी काळातला. पुढे अचलपुरातून वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या इमादशाहीचा. एका दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दुतोंडी काल्पनिक पक्षी, कोरलाय आणि त्यानं हत्ती धरलेत. इथं घाई करू नका, मान वर करून नीट पाहा.

२९ नोव्हेंबर १८०३. आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. उरलेली फौज या गडावर आली. दक्षिणेकडं तुटलेला कडा, तिकडून चढाई जवळजवळ अशक्य. म्हणून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली स्वतः दक्षिणेला तळ देऊन बसला आणि कर्नल स्टीव्हन्सनला सातपुड्यातून वळसा घालून उत्तरेला धाडलं. जड तोफा, डोंगर, धड रस्ताही नाही! तरी तोफा पोचल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतला तट मात्र शाबूत होता. त्याला शिड्या लावून काही सैनिक आत उतरले आणि त्यांनी दरवाजा उघडला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग इथंच लढता लढता पडला.

दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी गमावला, पण गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले त्यांच्याकडंच राहिले. लढून घेतलेला किल्ला तहात परत, हे जरा गमतीचंच!

आज हा सगळा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला. पावसाळ्यात धुक्यानं तट दिसत नाही, गवत कमरेइतकं वाढतं. हिवाळ्यात या, पाणी सोबत ठेवा, अंधार पडण्याआधी बाहेर पडा.

वेळ उरला तर मुक्तागिरी. जायचं परतवाड्यावरूनच, पण हद्द मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्याची. धबधब्याभोवती डोंगरउतारावर बावन्न जैन मंदिरं.

आणि डिसेंबरच्या अखेरीस आलात तर बहिरमची यात्रा गाठा. २० डिसेंबरला सुरू होते, महिनाभराहून जास्त चालते. शेंदूर माखलेल्या बहिरमबुवाचं दर्शन घ्या, मग खाली तंबूंकडं वळा: मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे. शाकाहाऱ्यांना वांग्याची भाजी मिळते, तीही तितकीच झणझणीत.