उतरून बघ : युटाच्या दऱ्यांमधले चार दिवस

[दृश्य : पहाट. कच्च्या रस्त्यावर दोन गाड्यांचे दिवे.]

हायवे 24 सोडला तेव्हा अंधार होता. त्यानंतरचे पन्नासेक किलोमीटर नुसती माती, वाळू आणि मधूनच दात वाजवणारा खडखडाट. अमेरिकेतल्या युटा राज्याचा हा आग्नेय कोपरा. ऑक्टोबर महिना. मागची गाडी बरंच अंतर राखून येतेय, कारण आमच्या धुळीत तिला स्वतःचं बॉनेटसुद्धा दिसत नाही.

गाड्या दोन, माणसं चार. कॉलेजपासूनचे मित्र.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही एक कागद लिहिला. दोन्ही गाड्यांचे नंबर आणि रंग, कुठल्या रात्री मुक्काम कुठे, आणि शेवटी एक ओळ : गुरुवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर रेंजरना, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांना, कळव. त्या कागदाचा फोटो ताईला पाठवला. ती आमच्यातल्या एकाची मोठी बहीण, पण आता सगळ्यांचीच ताई. तिनं वाचून एवढंच विचारलं, "चौघंही एकत्रच असणार ना?"

हा कागद का, ते या दरीच्या काठावर उभं राहिलं की कळतं. समोर हॉर्सशू कॅन्यन. वरच्या अंगाला तिला ब्लूजॉन नावाची एक अरुंद घळ येऊन मिळते. 2003 सालच्या एप्रिलमध्ये त्या घळीत ॲरन राल्स्टन एकटा उतरला. एक धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात भिंतीला चेचून अडकला. आपण कुठे जातोय हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला आणि याच दरीतून चालत आला, तेव्हा कुठे त्याला माणसं भेटली. चांगला तयारीचा गिर्यारोहक होता तो. त्या दिवशी त्याच्याजवळ दुसरं माणूस नव्हतं, आणि दूर कुठे वाट बघणारंही कुणी नव्हतं.

[दृश्य : उतरण. चौघांच्या पाठी.]

वाट सुमारे 230 मीटर खाली उतरते. जाऊन-येऊन 11 किलोमीटर. खाली कोरड्या ओढ्याचं पात्र, त्यात पाय रुतवणारी मऊ वाळू आणि कडेनं पिवळी पडत चाललेली कॉटनवूडची झाडं. आवाज असा नाहीच. कावळ्याच्या पंखांचा फडफडाटसुद्धा दोन्ही भिंतींवर आपटून परत येतो.

आणि मग एका वळणानंतर, कड्याच्या पोटाशी, ते दिसतात.

[दृश्य : ग्रेट गॅलरी. शांतता राहू द्यावी.]

खडकावर रंगवलेल्या, माणसाएवढ्या उंचीच्या वीसहून जास्त आकृत्या. काही तर दोन मीटरहूनही उंच. हात नाहीत, पाय नाहीत. खांदे रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं अंग, डोळ्यांच्या जागी मोठ्या खोबण्या. गेरूसारखा लाल रंग. सुमारे 60 मीटर लांबीची ही भिंत ग्रेट गॅलरी म्हणून ओळखली जाते. 1971 साली ही दरी कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कला जोडली गेली.

जवळून पाहिलं तेव्हा एका ठिकाणी चित्र तुटलेलं दिसलं. कड्याचा एक पापुद्रा कधीतरी निखळला आणि त्याच्याबरोबर चित्राचा भागही खाली आला. या पडलेल्या दगडानंच संशोधकांना चित्रांच्या वयाचा धागा दिला. दगडाच्या एखाद्या बाजूवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजता येतं. त्यावरून कळलं की पडझड सुमारे 900 वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे चित्रं त्याआधीची. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं चित्रांचा काळ इसवी सनाच्या सुरुवातीपासून साधारण 1100 पर्यंत आणला. आधी ती कितीतरी जुनी मानली जात.

आम्ही तिथे तासभर बसलो. कुणी बोललं नाही. माझं मत विचाराल तर या सगळ्या मुलखात हाच एक तास असा आहे की ज्यासाठी मी पुन्हा तेवढीच धूळ खाईन.

[दृश्य : दुसरा दिवस. कड्यावरून खाली उतरणारी घाटाची वळणं.]

कॅन्यनलँड्सच्या बरोब्बर मधोमध ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्यांचा संगम आहे. संगमाच्या वरच्या अंगाला एक उंच पठार आहे, आयलंड इन द स्काय. त्या पठाराच्या खाली, नद्यांच्या वर, मधल्या एका प्रचंड पायरीवरून जाणारा हा रस्ता म्हणजे व्हाइट रिम. सगळा फेरा सुमारे 160 किलोमीटरचा.

आपण उतरतोय तो शेफर ट्रेल. आधी मूळ रहिवाशांची पायवाट, मग गुरं नेणाऱ्यांची वाट. 1950 च्या दशकात मात्र इथे युरेनियमची धाव सुरू झाली. 1952 साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मोआब गावाच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला, आणि जो तो गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, घेऊन दऱ्यांत शिरला. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं खनिज काढायला सोपं जावं म्हणून रस्ते करवून घेतले. हा त्यातलाच. गंमत अशी की या रस्त्यावर युरेनियम फारसं हाती लागलंच नाही. रस्ता तेवढा राहिला.

पुढे बेट्स विल्सन या उद्यान अधिकाऱ्यानं अशाच वाटांवरून नेत्यांना आणि पाहुण्यांना जीपमध्ये घालून हा मुलूख दाखवला. खडबडीत रस्ता, रात्री उघड्यावर जेवण, सकाळी पुन्हा जीप. त्या जीपफेऱ्यांचा या पार्कच्या जन्मात मोठा वाटा आहे. 12 सप्टेंबर 1964 ला कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क झालं.

[दृश्य : टायरमधून हवा सोडताना. फुसफुस आवाज.]

घाट उतरल्यावर पहिलं काम, हवा उतरवणं. 35 पीएसआयवरून (हे हवेच्या दाबाचं माप) 20 वर. टायर जरा फुगीर बसतो, जमिनीला जास्त जागा धरतो, वाळूत रुतत नाही आणि धारदार दगडावर ताठ राहून फाटण्याऐवजी दबतो. हवा कमी म्हणजे वेगही कमी. ताशी 15 किलोमीटर झाला तरी पुष्कळ.

पाणी वाटेत कुठेही नाही. माणशी दिवसाला चार लिटर म्हटलं तर चौघांना तीन दिवसांचे 48 होतात. आम्ही 70 घेतलंय, दोन्ही गाड्यांत निम्मं निम्मं. एक गाडी अडकली तरी पाणी सगळं तिच्यात अडकू नये.

रस्त्याला ज्याचं नाव मिळालं तो व्हाइट रिम म्हणजे पायाखालचा हा पांढरा खडक. 25 कोटी वर्षांहून जुना वालुकाश्म. समुद्रकाठच्या वाळूचा दगड झालेला. तो कठीण आहे आणि त्याच्याखालचा तांबडा थर ठिसूळ. पाऊस-वारा खालचा थर पोखरतो, वरचं पांढरं झाकण मात्र टिकतं. म्हणून हे असे डोक्यावर पांढरी टोपी घातलेले लाल खांब उभे राहतात.

[दृश्य : जमिनीजवळून. काळपट, उंचसखल माती.]

इथे थांबू. कॅमेरा जमिनीला टेकवलाय. रस्त्याच्या कडेची ही काळपट, करपल्यासारखी दिसणारी माती नीट बघा. बोटाच्या पेराएवढे मनोरे, त्यांची टोकं काळी. ही माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव ओलावा मिळाला की वाळूतून सरकतात आणि मागे चिकट धागे सोडत जातात. त्या धाग्यांनी वाळूचा कण कणाला बांधला जातो. वाळवंट वाऱ्यावर उडून जात नाही ते यांच्यामुळे. हवेतला नायट्रोजन मातीत आणतात तेही हेच. त्यावर झुडपं जगतात.

एक पाऊल पडलं की हे चुरून जातं, आणि भरून यायला कित्येक वर्षं लागतात, कधी कधी काही दशकं. चाकाचा चर तर त्याहून वाईट, कारण पाणी त्या चरातून वाहू लागतं. गाडी रस्त्याबाहेर एक हातभरही घालायची नाही. समोरून गाडी आली तर मागे रिव्हर्स घ्या, रुंद जागा सापडेपर्यंत घ्या, अर्धा तास जाऊ दे. चालताना खडकावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून चाला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी इथे गाडी आणूच नये, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य : मर्फी हॉगबॅक. उभा चढ.]

तिसरा दिवस. मर्फी हॉगबॅक. फेरीतल्या सर्वांत अवघड चढांपैकी हा एक. चढ इतका उभा की चालवणाऱ्याला बॉनेटच्या पलीकडे फक्त आकाश दिसतं. रस्ता उजवीकडे वळतोय की डावीकडे, चाकासमोर दगड आहे की खड्डा, काहीही कळत नाही.

आमच्यात एक वाक्य ठरलेलं आहे. शंका आली की कुणीतरी म्हणतं, "उतरून बघ." मग गाडी बंद, हँडब्रेक, आणि सगळा चढ आधी पायी. कुठल्या दगडावर चाक चढवायचं, कुठला दगड गाडीच्या पोटाखाली येऊ द्यायचा नाही, हे बोटानं दाखवत वरपर्यंत जायचं. मग एक जण वर, चालकाला दिसेल असा उभा राहतो. खुणा फक्त तोच करणार. बाकीच्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण दोन जणांनी दोन दिशा दाखवल्या तर चालक दोन्ही चुकवतो.

लो गिअर. ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका. मी स्टिअरिंगवर आहे आणि माझ्या मित्राचे दोन हात एवढंच मला दिसतंय. डावा हात, डावा, अजून डावा. आता दोन्ही तळवे माझ्याकडे : थांब. गुडघ्यावर बसून तो चाकाखाली बघतो. उठतो. चार बोटं आत वळवतो : ये.

मी आलो. मागची गाडी येताना मात्र एका धारदार कडेनं तिच्या टायरची बाजू चिरली. बाजूच्या चिरेला पंक्चरची दोरी चालत नाही. भर चढावर, चाकांमागे दगड लावून, स्टेपनी बदलायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात एकानं जॅकवरून नजर हलवली नाही, एक जण वर उभा राहून कुणी येतंय का ते बघत होता. त्या गाडीला आता दुसरी स्टेपनी नव्हती. उरलेली सगळी वाट तिला पुढे घेतली आणि प्रत्येक शंकेच्या जागी आम्ही आधी चालत गेलो.

रात्री मुक्काम नदीकाठी, पोटॅटो बॉटमला. कॅन्यनलँड्सला 2015 साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. का, ते दिवा विझवला की समजतं. आकाशगंगेचा पट्टा या कड्यापासून त्या कड्यापर्यंत.

[दृश्य : ग्रीन नदी. सकाळ.]

शेवटच्या दिवशी फोर्ट बॉटमची पायवाट. टेकाडावर दगडांचा रचलेला जुना बुरूज, खाली नदीचं मोठं वळण. मग हार्डस्क्रॅबलचा चढ. तोही आधी पायी. आणि शेवटी मिनरल बॉटमचा घाट. 2010 च्या ऑगस्टमध्ये एका वादळी पावसानं हा घाट जागोजागी वाहून नेला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधून सुरू केला. जुलै ते सप्टेंबरात इथे असे लोंढे येतात. पाऊस कैक किलोमीटर दूर पडतो आणि डोक्यावर निळं आकाश असताना पाणी येतं. 12 ऑगस्ट 1997 ला शेजारच्या ॲरिझोना राज्यात, अँटिलोप कॅन्यनमध्ये, अशाच लोंढ्यानं 11 जणांना नेलं. आमच्या पावलांखाली आज धूळ आहे, तरी प्रत्येक ओढा ओलांडताना वरच्या अंगाचं आकाश बघून घेतो.

[दृश्य : घाटमाथा. कॉम्प्रेसरचा आवाज.]

माथ्यावर आलो. टायरमध्ये पुन्हा हवा भरतोय. चार चाकं, मग दुसऱ्या गाडीची चार. पलीकडे एक जण फोन डोक्याच्या वर धरून रेंज शोधत फिरतोय. पाच वाजून वीस मिनिटं. रिंग गेली आणि पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"ताई, वर आलो."

"चौघंही आहात ना?"

त्यानं फोन आमच्याकडे वळवला, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजावरून आम्ही तिघे ओरडलो, "हो!"