कळकलेल्या मेणबत्त्या

नमस्कार श्रोतेहो. थंडीत टाचांच्या भेगांवर कोकमतेलाचा गोळा तुम्ही नक्की चोळला असेल. त्यात निम्म्याहून जास्त असतं स्टिअरिक आम्ल. १८ कार्बनची सरळ साखळी, मध्ये कुठे वाकण नाही. त्यामुळे रेणू अगदी दाटीनं बसतात आणि ते वितळायला ६९ अंश लागतात. ६९ अंश, एवढं ध्यानात ठेवा.

माझी मावशी चरईत राहायची. दिवाळीला घरी मेणबत्त्या करून विकायची. ऑक्टोबरचा उकाडा ठाणेकरांना काय सांगायचा! नुसत्या पॅराफिनच्या मेणबत्त्या दुपारपर्यंत खिडकीत माना टाकायच्या. कुणीतरी सुचवलं, दहा किलोला किलोभर स्टिअरिक घाल. जांभळी नाक्यावरून तिनं पिशवी आणली. पांढऱ्या, मेणचट पापड्या.

रात्री सगळं तांब्याच्या जुन्या पातेल्यात वितळवलं आणि तेवढ्यात पाहुणे आले. मेण तसंच राहिलं. सकाळी पुन्हा तापवलं तर हिरवट! मावशीचा चेहरा पडला. आजीनं पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, कळकलं हे! कल्हई कुठाय याला?"

ताक कळकतं, सार कळकतं, हे आपल्याला ठाऊक. पण हे ना आंबट, ना पातळ, तरी आम्ल. आम्लच, श्रोतेहो! त्यानं तांबं धरलं आणि हिरवा क्षार झाला. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. नवसागराचा तो धूर, कापसाचा तो एक फटकारा आणि चांदीसारखं भांडं! असो.

दुसरा घाणा स्टीलच्या टोपात केला. मेणबत्त्या पांढऱ्याशुभ्र, ताठ. स्टिअरिक गार होताना आकसतं, म्हणून साच्यातून अलगद सुटल्या. चरबीच्या धुरकट, वासट मेणबत्त्यांवर हाच उपाय शेव्रल आणि गे-ल्यूसॅक या रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ साली फ्रान्समध्ये पेटंट करून ठेवला होता. साबण, व्हॅनिशिंग क्रीम, टायरचं रबर, सगळीकडे हेच आम्ल. औषधाच्या गोळ्या यंत्राला चिकटू नयेत म्हणून घालतात तेही याचंच मॅग्नेशियम स्टिअरेट.

हिरव्या मेणबत्त्या आजीनं विकू दिल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाला आमच्याच गॅलरीत लावल्या. वाती सारख्या काजळत होत्या, आणि मावशी कात्री घेऊन रात्रभर त्या कापत बसली होती.