अर्धं खरं

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला. उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो घातलेलं खाकी पाकीट घरातून नाहीसं झालं होतं. शोधशोध झाली, कपाटं उपसली, शेवटची तारीख उलटून गेली. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "टेबल तू आवरलंस. माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय!" ती काहीच बोलली नाही. टेबल तिनं आवरलं होतं, हे खरंच होतं.

नाताळ जवळ आला तसं घर धुऊनपुसून काढायला घेतलं. एका शनिवारी संध्याकाळी मी स्कूटरची डिकी साफ करत होतो. खाली चुरगळलेला रेनकोट होता, त्याला बुरशीचा वास येत होता, आणि रेनकोटाच्या घडीत ते पाकीट होतं. ओलीनं काळवंडलेलं. आतले दोन्ही फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलो तर एका फोटोतला मुलीचा अर्धा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीवर उमटून आला.

मी ते पाकीट रेनकोटात होतं तसं गुंडाळलं आणि डिकी बंद केली.

आज मला त्या डिकी बंद करण्याबद्दल बोलायचं आहे. विसरणं माणसाच्या हातून होतंच. पण खरं काय ते कळल्यावरही मी झाकण लावलं.

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अगदी पहिल्या पानांवर हीच गोष्ट आहे. एदेन बागेत देव पहिल्या माणसाला, आदामाला, हाक मारतो, "तू कुठे आहेस?" तो झाडीत लपलेला असतो. मना केलेल्या झाडाचं फळ खाल्लंस का, असं विचारल्यावर तो म्हणतो, तू जी स्त्री मला सोबतीला दिलीस, तिनं मला फळ दिलं आणि मी खाल्लं. श्रोतेहो, आदामाचं वाक्य नीट ऐका. त्यात एक शब्दही खोटा नाही. स्त्री देवानं दिली होती. फळ स्त्रीनं दिलं होतं. त्यानं ते खाल्लं होतं. पण वाक्यात सगळ्यांत पुढे देव उभा आहे, त्याच्या मागे ती स्त्री, हव्वा, आणि सगळ्यांत शेवटी, दोघांच्या आडोशाला, आदाम स्वतः. आधी तो झाडीत लपला होता, आता तो वाक्यात लपला. हव्वेनं पुढे सापाकडे बोट दाखवलं. तेही खरंच होतं.

दोष देणारा माणूस बहुतेक वेळा धडधडीत खोटं बोलत नसतो. तो अर्धं खरं बोलतो. म्हणूनच त्याचं मन त्याला खात नाही, आणि म्हणूनच ज्याच्यावर आळ येतो त्याला उत्तर सुचत नाही. माझी बायको गप्प राहिली ती याचमुळे.

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातला मोशेचा भाऊ अहरोन पाहा. मोशे डोंगरावर असताना लोकांचं सोनं गोळा करून त्यानं पूजेसाठी वासरू घडवलं. त्यानं ते हत्यारानं कोरून आकाराला आणलं, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. मोशेनं जाब विचारल्यावर तोच अहरोन म्हणतो, सोनं मी विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! कोरायचं हत्यार गोष्टीतून गायब. शौल राजाचंही तेच. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं काहीही राखू नकोस, अशी देवाची आज्ञा असताना उत्तम मेंढरं आणि गुरं मागे ठेवली. शमुवेल संदेष्टा विचारायला येतो तेव्हा शौल सांगतो, चांगली जनावरं लोकांनी राखली, बाकीच्यांचा आम्ही नाश केला. आज्ञा मोडली ती लोकांनी, पाळली ती आम्ही. हे व्याकरण आपल्या घरात, कचेरीत, आपल्या चर्चच्या कमिटीतसुद्धा रोज ऐकू येतं.

हे एकट्यादुकट्याचं झालं. सगळा समाज असा बोलू लागला की माणसं मरतात, आणि ख्रिस्ती माणसानं याची दोन्ही टोकं पाहिली आहेत. इसवी सन 64 मध्ये रोम जळालं. सम्राट नीरोनं आपल्यावरचा संशय टाळायला ख्रिस्ती लोकांवर आळ घातला आणि त्यांचे हाल करून त्यांना मारलं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलं की टायबर नदीला पूर आला, नाईलचं पाणी शेतात चढलं नाही, दुष्काळ पडला, साथ आली, की एकच ओरड होते, ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका.

ज्यांनी हे सोसलं त्यांच्याच वारसांनी पुढे काय केलं? चौदाव्या शतकात युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली. पोप सहावे क्लेमेंट यांनी 1348 मध्ये बजावलं की या साथीत ज्यूही मरताहेत आणि जिथे ज्यू राहत नाहीत तिथेही ती आहे, तेव्हा हा आरोप खोटा आहे. कुणी ऐकलं नाही. 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. त्या शहरात तेव्हा साथ पोहोचलीही नव्हती. जाळणारे गळ्यात क्रूस घालणारे लोक होते. हे सांगताना मला लाज वाटते, पण या विषयावर बोलायचं आणि हे पान उलटून पुढे जायचं, तर तीही डिकी बंद करणंच होईल. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर लादता येणार नाही, हे कॅथलिक चर्चच्या महासभेनं जाहीर केलं ते 1965 साली. फार उशीर झाला.

प्रभू येशूचं कुसळ-मुसळाचं वचन तर आपल्या मराठीत घरोघरी बोललं जातं. मूळ ग्रीकमध्ये तिथे काडी आणि तुळई आहे, सुताराच्या कामातल्या वस्तू. आपण ते वचन अर्धंच वापरतो, तेही दुसऱ्याला टोमणा मारायला. येशू पुढे म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे भावाच्या डोळ्यात कुसळ आहेच, ते सलतंय, आणि ते काढायचंही आहे.

हे मी मुद्दाम सांगतो. मार खाणाऱ्या बाईला "तुझंच काही चुकलं असेल" म्हणणारे लोक आपल्यात आहेत, आणि ते शास्त्राचा आधार देतात. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्हीला नाही म्हटलं. जिथे अन्याय झाला तिथे करणाऱ्याला नाव घेऊन विचारावं. दुसऱ्याची बायको बळकावून तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सांगितलं, "तो माणूस तूच." दावीद राजा होता, सबबी सांगायला त्याला कोण अडवणार होतं? त्यानं उत्तर दिलं, "मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे." हिब्रूत हे अवघे दोन शब्द आहेत. पुढे "पण" नाही.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलो. सुरुवातीच्या प्रार्थनेत सगळे आपला अपराध कबूल करतात आणि छातीवर हात मारतात. लहानपणापासून माझा हात तिथे आपोआप जातो. त्या दिवशी तो गेला आणि छातीवरच थांबला. शेजारी बायको होती. तिचाही हात छातीवर होता, आणि मला आठवत होतं की चार महिने ती माझा अपराध वाहत होती.

तरी आठ दिवस मी काही बोललो नाही. मग एका संध्याकाळी मुलगी अभ्यास करत बसली होती, तिच्यासमोर ते पाकीट ठेवलं. म्हणालो, हे माझ्या डिकीत होतं, मीच ठेवून विसरलो होतो, आणि सापडल्यावरही लपवलं. तिनं चिकटलेले फोटो उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले. मी वाट पाहत होतो की ती अर्जाबद्दल काहीतरी बोलेल.

तिनं विचारलं, "बाबा, आईला सांगितलंत?"

आदामानं नंतर कधी हव्वेकडे वळून काही म्हटल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही. मी पाकीट उचललं. आत बायको मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो.