चाळीस हजारांचा पटर आणि एक अंश

दृश्य : नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. धातू कोरणारं व्हीएमसी मशीन चालू, कूलंटची धार.

सातपूर-अंबडमध्ये व्हीएमसीवर काम करणाऱ्या कुणाच्याही हातात हा पटर, म्हणजे गोल्फचा बॉल होलमध्ये ढकलायची काठी, द्या. तो बॉलचा विचार करणार नाही. आधी फेसवरून, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवरून, अंगठा फिरवेल, मग पटर उजेडात तिरका धरून टूल मार्क बघेल. फेसवर बारीक, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं दिसतात. कटर कुठून आत शिरला आणि कुठून बाहेर पडला, हे त्याला त्या खुणांवरून कळतं.

"एकाच ब्लॉकमधून काढलाय, साहेब. वेल्डिंग नाही, काही नाही. कितीला पडला?"

किंमत ऐकून तो पटर पुन्हा एकदा उलटून बघतो.

नाशिकमध्ये रिक्षात बसून 'गोल्फ क्लब' म्हणालात, तर रिक्षा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जाते. तिथे रणजीचे सामने होतात आणि सकाळी माणसं चालायला येतात. गोल्फ तिथे दिसत नाही. पण हा खेळ मनापासून खेळणारे नाशिककर आहेत. सुट्टीच्या दिवशी पुण्याला, येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सपर्यंत जाणारेही आहेत. त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो: नामांकित कंपनीचा, मिलिंग केलेला, म्हणजे धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला पटर अमेरिकेत साधारण 450 डॉलरला मिळतो. म्हणजे रुपयांत 40 हजारांच्या घरात, वर कर वेगळा. एवढे पैसे घालावेत का?

दृश्य : स्टीलचा चौकोनी ब्लॉक, शेजारी तयार पटरचं हेड.

आधी पैसे कुठे जातात ते बघू. स्वस्त पटरचं हेड बहुतेक वेळा ओतीव असतं. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. मेणाच्या एका दांड्याला, म्हणजे 'झाडाला', असे अनेक नमुने जोडलेले असतात, म्हणून एका वेळी अनेक हेड निघतात. महागडा पटर मात्र स्टीलच्या ठोकळ्यातून कोरतात. तयार हेड साधारण 350 ग्रॅमचं, बाकीचं स्टील चिप्स होऊन खाली पडतं. मशीनचा वेळ, टूलची झीज, शेवटचं हाताचं फिनिशिंग. या शहराला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. मेहनत खरी आहे, आणि त्या किमतीतला बराच भाग नावाचाही आहे.

पण एवढ्या अचूकतेचं मैदानावर काय होतं?

समजा, 100 मिलिमीटर लांबीच्या फेसवर एका टोकाला 0.05 मिलिमीटरची चूक राहिली. कारखान्यात असा जॉब कदाचित रिजेक्ट होईल. पण त्या चुकीने 10 फुटांवर बॉल हलतो जेमतेम दीड मिलिमीटर. आता स्टील अगदी निर्दोष धरा आणि मनगट फक्त एक अंश फिरू द्या. त्याच 10 फुटांवर बॉल 53 मिलिमीटर बाजूला जातो. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कड 54 वर. एका अंशात बॉल थेट कडेवर. आणि बॉल कुठल्या दिशेने निघणार, हे मुख्यतः फटका लागण्याच्या क्षणी फेस कुठे बघतोय यावरच ठरतं.

मायक्रॉनचे पैसे मोजायचे आणि अंश मोकळा सोडायचा, हे मला पटत नाही.

दृश्य : जुन्या आकाराचा पटर, टोकांना वजन, मध्ये खोलगट.

पटरमधली खरी मोठी सुधारणा किमतीची नव्हती, वजनाच्या जागेची होती. कार्स्टन सोलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांनी वजन मधून काढून टो (हेडचं पुढचं टोक) आणि हील (दांड्याकडचं टोक) या दोन टोकांना नेलं. त्यामुळे बॉल मध्यावर लागला नाही तरी हेड कमी फिरतं. 1966 मध्ये त्यांनी एका ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर जो आकार रेखाटला, तो पिंग कंपनीचा अ‍ॅन्सर. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. टायगर वूड्सने 15 पैकी 14 मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा ज्या स्कॉटी कॅमेरॉन न्यूपोर्ट 2 पटरने जिंकल्या, त्याचा आकारही याच घराण्यातला. आज तो आकार परवडणाऱ्या किमतीतही मिळतो.

मग पैसे कुठे घालावेत? मापावर, आणि यावर मी ठाम आहे. नेहमीसारखे उभे राहा, डोळ्यांच्या मधून एक बॉल खाली सोडा. तो जमिनीवरच्या बॉलवर किंवा किंचित तुमच्या बाजूला पडला पाहिजे. खूप आत पडत असेल तर बहुधा शाफ्ट, म्हणजे दांडा, लांब आहे. दुकानात 34 किंवा 35 इंच ठेवलेले असतात आणि आपण मुकाट्याने घेतो. शाफ्ट नुसता कापून आणला तर हेड हलकं वाटू लागतं, म्हणून वजनही बदलावं लागतं. चांगल्या पटरमध्ये तळाची वजनं बदलता येतात, आणि या सोयीसाठी जास्त पैसे देणं मला रास्त वाटतं. मग टो बघा. पटर टेकवल्यावर टोखाली एखादं नाणं सहज सरकलं तर हरकत नाही, बोट जायला लागलं तर लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, चुकलाय.

पटिंगनेच सगळं ठरतं, असं क्लबात छातीठोकपणे सांगतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांचे फटके मोजले. चांगल्या आणि सर्वोत्तम खेळाडूंमधल्या फरकात पटिंगचा वाटा साधारण 15 टक्के निघाला. आणि 8 फुटांवरून हे व्यावसायिक निम्मेच पट होलमध्ये घालतात. महाग पटर हातात आला म्हणून ते गणित उलटत नाही.

तरीही दर आठवड्याला खेळणाऱ्या, माप घेतलेल्या, तोच पटर पुढची वीस वर्षं वापरणाऱ्या माणसाने तो घ्यावा. चांगलं हत्यार रोज हाताळण्यात समाधान आहे, आणि हातावर विश्वास बसला की हात स्थिर राहतो. नवशिक्याने मात्र साधा, मापाचा पटर घ्यावा आणि उरलेले पैसे कोचला द्यावेत.

शेवटी एक सावधगिरी. या नामांकित पटरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि फोटोत त्या हुबेहूब दिसतात. 40 हजारांची वस्तू ऑनलाइन कुणी 9 हजारांना नवी कोरी देत असेल तर विक्रेता अधिकृत आहे का ते बघा, बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा.