टोपली रिकामी करणे म्हणजे सराव नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. सरावाच्या मैदानावर सरळ जाणारा चेंडू प्रत्यक्ष खेळात नेमका झुडपात शिरतो, ही गोल्फ शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुधा सरावाच्या पद्धतीतच असते. टोपलीभर चेंडू घेऊन एकाच क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, एकाच दिशेला मारत राहिले, की दहाव्या-बाराव्या फटक्यापर्यंत शरीर आधीच्या चुकीवरून स्वतःला सावरून घेते आणि आपल्याला वाटते, स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, बसला. खेळात मात्र आधीचा फटका लांब मारायच्या ड्रायव्हरचा, पुढचा कमी अंतराच्या सात नंबर आयर्न या क्लबचा आणि मधे काही मिनिटांची चाल. सावरायला आधार असा काही उरत नाही.

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग टिकतो. तेवढ्यात काहीही दुरुस्त करता येत नाही, म्हणून सातत्याची सुरुवात स्विंगच्या आधीच, म्हणजे पकड, खांद्यांची दिशा आणि चेंडूची जागा यांपासून करावी लागते. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू नकळत दोन बोटे पुढे, लक्ष्याच्या बाजूला ठेवला, तर क्लबचे तोंड तिथे पोहोचेपर्यंत डावीकडे वळू लागलेले असते, आणि दोष मात्र बिचाऱ्या मनगटाला दिला जातो.

यासाठी गवतावर खडूची एक आडवी रेघ ओढावी, ती दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहावे आणि चेंडू न ठेवताच आयर्न फिरवावा. गवत रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला कापले गेले पाहिजे. मागे कापले गेले, तर बहुतेक वेळा वजन मागच्या पायावरच राहिलेले असते. हा सराव कंटाळवाणा आहे, हे मान्य. पण चेंडू नसला की नजर त्याच्यामागे धावत नाही आणि रेघ खोटे बोलत नाही.

लयीचेही तसेच आहे. कसलेल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जितका वेळ घेतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो चेंडूपर्यंत येतो. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणत क्लब वर न्यावा आणि ‘चार’ला चेंडू मारावा.

शेवटचे दहा चेंडू मात्र खेळातल्यासारखे मारावेत: प्रत्येक वेळी क्लब बदलावा, लक्ष्य बदलावे, चेंडूच्या मागे जाऊन दिशा पाहावी आणि नव्याने उभे राहावे. त्यांतले किती ठरवलेल्या पट्ट्यात पडले, तो आकडा वहीत टिपून ठेवावा. पहिल्या आठवड्यात तो बहुधा लाजिरवाणा असेल.